पहिल्या दहा गोळ्या : एका नेमबाज मुलीची धडधड आणि अम्मम्माचं गाणं

मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. खेळ १० मीटर एअर रायफल. घर सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणारं पद्मशाली कुटुंब. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर, आई आणि आईची आई, म्हणजे अम्मम्मा, घरी विड्या वळतात. रायफल क्लबाची, जॅकेट एका सीनियर मुलीचं जुनं. सरावात गुण राज्य पातळीचे, स्पर्धेत मात्र दर वेळी घसरण. मी खेळाडूंच्या मानसिक तयारीचं काम करते. तिचे कोच तिला माझ्याकडे घेऊन आले ते "हिची भीती घालवा" एवढंच सांगून. पुढचं सगळं तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

"भीती" हा शब्द फार मोघम असतो. म्हणून आधी तिच्या स्पर्धांचे स्कोअरचे कागद मागवले. रायफलची पात्रता फेरी ६० गोळ्यांची, दहा-दहाच्या सहा सिरीज. (मुलींना पूर्वी ४० गोळ्या असत, २०१८पासून ६० झाल्या.) कागद शेजारी शेजारी मांडले तर सगळ्यांवर एकच चित्र होतं. पहिली सिरीज कोसळलेली, दुसरी लंगडत उठलेली, तिसरीपासून पुढे थेट सरावासारखी. शेवटच्या सिरीजला भल्याभल्यांची बोटं ट्रिगरवर अडखळतात, तिथे ही मुलगी निवांत. दबाव न पेलणाऱ्या खेळाडूचा कागद असा दिसत नाही. तिचा सगळा गोंधळ मॅच सुरू होण्याआधीच्या तासात आणि पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत होता.

कोच सरांचं निदान तयार होतं : "वॉर्मअप कमी पडतो तिचा." तिचं स्वतःचं निदान त्याहून अचूक निघालं. "मॅडम, रायफल उचलली की पुढचं रिंगच उड्या मारायलंय. मी हलत नाही, तेच हलतंय."

रिंग का उड्या मारते

हे नेमबाजाखेरीज इतरांना पटकन कळत नाही, म्हणून जरा सविस्तर. १० मीटर अंतरावरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. त्यावर मारायची गोळी साडेचार मिलिमीटरची. दशांशात मोजतात तेव्हा अगदी मधोमध बसलेल्या गोळीला १०.९ मिळतात. उभं राहून, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून, साडेपाच किलोपर्यंतची रायफल तोलायची. जॅकेट इतकं ताठ की ते घालून खाली वाकता येत नाही. शरीर असं जखडून टाकल्यावरही हलणारी एक गोष्ट उरतेच : हृदय. प्रत्येक ठोक्याला छातीतून खांद्यात, खांद्यातून दस्त्यात एक बारीक धक्का जातो आणि नळीच्या टोकाची गोल साइट, म्हणजे तिचं ते रिंग, काळ्या टार्गेटवर टुणकन हलते.

अनुभवी नेमबाज दोन ठोक्यांच्या मधल्या शांत जागेत ट्रिगर सोडतात, असं निरीक्षण फिनलंडमधल्या संशोधकांनी १९८७मध्ये नोंदवलं होतं. सगळ्यांच्या बाबतीत ते इतकं नेमकं असतं का, यावर पुढे मतभेद झाले. तरी हिशेब सोपा आहे. मिनिटाला ७५ ठोके पडत असतील तर दोन ठोक्यांत आठ दशांश सेकंद मिळतात. १२० पडायला लागले की उरतो अर्धा सेकंद, आणि वर प्रत्येक ठोका अधिक जोराचा. पहिल्या सिरीजला तिची ही जागाच नाहीशी झालेली असायची.

जाता जाता : हृदयाचा वेग खाली आणणारी बीटा-ब्लॉकर औषधं नेमबाजीत स्पर्धेच्या वेळीही आणि एरवीही बंद आहेत. म्हणजे या खेळात शांत होणं हा इतका मोठा फायदा आहे की तो गोळीतून घेतला तर बंदी येते. गाण्यातून घेतला तर कुणाची हरकत नाही.

कानात काय होतं

स्पर्धेच्या सकाळी तू काय काय करतेस, उठल्यापासून सांग, असं विचारलं. चहा, एक पोळी, "जास्त जात नाही." मग रेंजवर पोचलं की इअरफोन. भावानं करून दिलेली यादी होती. ऐकली. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर जे वाजतं ते सगळं त्यात होतं, एकामागून एक, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. का ऐकतेस? "सगळीच ऐकतात की. आणि तो फेल्प्स पण ऐकायचा."

मायकेल फेल्प्सचं खरं आहे. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये आठ सुवर्णपदकं घेणारा हा माणूस हेडफोन लावूनच तलावाकडे यायचा, आणि ते दृश्य जगभर इतकं दाखवलं गेलं की खेळाडू म्हटला की कानात गाणी हवीतच, असा समज होऊन बसला. पण फेल्प्सची १०० मीटर बटरफ्लाय एका मिनिटाच्या आत संपायची. तिथे पेटून उठायचं असतं. हिला ७५ मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहायचं आहे. युरी हानिन या मानसशास्त्रज्ञानं मांडलेली कल्पना इथे कामाची आहे : प्रत्येक खेळाडूचा उत्तेजनेचा स्वतःचा एक पट्टा असतो, त्या पट्ट्यात तो सर्वोत्तम खेळतो, आणि एकाचा पट्टा दुसऱ्याला लागू पडत नाही. आपल्याकडे हे कळायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही, जत्रेतल्या कुस्तीच्या फडावर उभं राहिलं तरी पुरतं. हलगी तापली की पैलवानाचं अंग तापतं आणि त्याला ते हवंच असतं. तीच हलगी रायफल रेंजच्या दारात वाजवून बघा.

तिची यादी तिला पट्ट्याच्या बाहेर, वरच्या अंगाला फेकत होती. तशीच ती गोळ्या मारायच्या लाइनवर जायची आणि मग पहिल्या वीस गोळ्या स्वतःला खाली उतरवण्यात खर्च करायची.

आणखी एक गोष्ट पाहायची होती : धडधड मनातून सुरू होते की शरीरातून? रेनर मार्टेन्स आणि सहकाऱ्यांची २७ विधानांची एक प्रश्नावली आहे, १९९०मध्ये प्रसिद्ध झालेली. ती काळजीचे विचार, शरीराची लक्षणं आणि आत्मविश्वास या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजते. मी ती जशीच्या तशी भरून घेतली नाही, पण तिचा सांगाडा धरून गप्पा मारल्या. हरले तर काय, लोक काय म्हणतील, कोच सर रागावतील का, असल्या विचारांचा तिला फारसा त्रास नव्हता. "हरलं तर हरलं, परत मारायचं." त्रास होता तो थंड पडणाऱ्या बोटांचा, पोटात गोळा येण्याचा आणि छातीचा. मन ठीक, शरीर उधळलेलं. अशा खेळाडूला "सकारात्मक विचार कर" सांगत बसणं म्हणजे दुसऱ्याच्या पत्त्यावर पत्र टाकणं. उपाय शरीराच्या वाटेनं जायला हवा होता, आणि शरीरात आपल्या हुकमतीतलं एकच दार आहे : श्वास.

बासरीचा फज्जा

मी काही सुचवायच्या आधीच कोच सरांनी पुढाकार घेतला. त्यांचा मूळ पवित्रा "गाणी ऐकून दहा लागत असते तर ऑर्केस्ट्रावाले ऑलिंपिकला गेले असते" असा होता, पण डीजे चुकीचा आहे हे पटल्याबरोबर त्यांनी दुसरं टोक गाठलं. यूट्यूबवरून तासभराची बासरी उतरवून घेतली. ध्यानाला लावतात ती, मागे पाण्याची झुळझुळ. आठवडाभर रोज सरावाआधी ती ऐकवली.

मुलगी माझ्याकडे आली ती वैतागूनच. "मॅडम, ते ऐकलं की सिरियलमध्ये कोणतरी गेल्यासारखं वाटतंय. नाहीतर दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं." वर त्या शांततेत तिला स्वतःचे ठोके जास्तच ऐकू यायला लागले होते.

या फसण्यातून जे कळलं ते पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरलं. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास काराजिओर्गिस आणि त्यांचे सहकारी खेळ आणि संगीत यांवर वर्षानुवर्षं काम करत आहेत. १९९९मध्ये त्यांनी एक मांडणी केली. खेळाडूवर गाण्याचा परिणाम चार गोष्टींवर ठरतो : ठेका, चाल-सुरावट, ते गाणं त्याच्या समाजात किती मुरलेलं आहे, आणि त्याच्याशी कोणत्या आठवणी जोडलेल्या आहेत. बासरीवाल्या फायलीत ठेका ठीक होता, सूर गोड होते. बाकीच्या दोन रकान्यांत मात्र एकीकडे काहीच नव्हतं आणि दुसरीकडे दाताचा दवाखाना होता. "शांत संगीत" नावाचा तयार माल बाजारात भरपूर मिळतो. तो कुणाच्याच आठवणीत बसलेला नसतो, आणि बसला असेल तर भलत्याच ठिकाणी.

दुसरी अडचण बारीक होती. ठोके शंभराच्या पुढे पळत असताना कानात एकदम अतिसंथ काही घातलं की शरीर त्याला जुमानत नाही. उलट आतली धावपळ आणि बाहेरची शांतता यातलं अंतरच बोचायला लागतं. संगीतोपचारात याला जुना तोडगा आहे. आयरा आल्टशुलर या मनोविकारतज्ज्ञांनी १९४८मध्ये तो लिहून ठेवला : माणूस आत्ता जिथे आहे तिथल्या लयीपासून सुरुवात करा, आणि तिथून पायरीपायरीनं त्याला हव्या त्या जागी न्या.

विड्यांचं सूप

मग मी गाण्यांचं विचारायचं सोडून दिलं. घरात सगळ्यात निवांत कधी वाटतं, एवढंच विचारलं. उत्तर यायला वेळ लागला नाही. दुपारी कॉलेजातून आल्यावर अम्मम्माच्या शेजारी आडवं होणं. अम्मम्मा मांडीवर सूप घेऊन बसलेली, भिजवलेली पानं पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापते, चिमूटभर तंबाखू, दोन बोटांत वळ, दोऱ्याचा वेढा, टोक आत दाब. हात चालू आणि तोंडानं गुणगुण चालू. कोणतं गाणं? "बतुकम्माचं. वर्षभर तेच."

नवरात्राच्या आसपास पूर्व भागात गेलेल्यांना हे सांगायला नको. तेलंगणातून मागावर काम करायला आलेल्या या समाजानं बतुकम्मा हा आपला फुलांचा सण इथे जपला. फुलांची उतरंड मध्ये ठेवायची, बायकांनी भोवती फेर धरायचा, एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी टाळी देत "उय्यालो" म्हणून ती उचलायची. ही रचना मला कामाची वाटली ती भावनेपोटी नाही. ओळ ऐकताना श्वास आत जातो आणि "उय्यालोऽऽ" लांबवताना बाहेर. बाहेर जाणारा श्वास आत येणाऱ्यापेक्षा लांब. हृदयाला सावकाश व्हायला सांगायचा शरीरशास्त्रातला सगळ्यात साधा मार्ग हाच. लुचियानो बर्नार्दी या इटालियन डॉक्टरांनी २००१मध्ये दाखवलं होतं की ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि "ओम मणि पद्मे हुम" हा मंत्र, दोन्ही म्हणताना माणसांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, आणि त्या गतीला हृदयाची लय सुधारते. आपल्याकडची हरिपाठाची किंवा जात्यावरची कितीतरी गाणी याच घडणीची आहेत. तिच्या घरात बतुकम्मा होती म्हणून बतुकम्मा. मंगळवेढ्याच्या एखाद्या वारकरी घरातली मुलगी असती तर मी अभंग शोधला असता.

रेकॉर्डिंग घरीच केलं. भावाचा मोबाइल मधे ठेवून अम्मम्मा, आई आणि शेजारच्या दोन बायका बसल्या. पहिल्यांदा सगळ्या माइकसमोर गातात तशा चढ्या आवाजात गायल्या, ते उपयोगाचं नव्हतं. मग त्यांना विड्या वळायलाच लावलं आणि गाणं आपोआप नेहमीच्या लयीवर आलं. मध्येच कुकरची शिट्टी झाली. भावानं नंतर ती मोठ्या हौशीनं कापून टाकली, तर ही म्हणाली, "शिट्टी ठेव की. त्याच्याशिवाय आमच्या घरासारखं वाटत नाही." शिट्टी परत आली. आठवणींचा रकाना म्हणजे नेमकं काय, हे मला कुठल्या निबंधापेक्षा त्या शिट्टीनं जास्त समजावलं.

यादी कशी लावली

शेवटी तीन तुकडे झाले. पहिला तुकडा तिच्या जुन्या यादीतूनच, पण डीजेच्या पट्टीतला नाही. चालायला लावणारी, तिला पाठ असलेली दोन गाणी. ठोके जिथे असतात तिथून हात धरायला. दुसऱ्यात एक जुनं तेलुगू सिनेमातलं, मध्यम लयीचं, तिच्या आईच्या आवडीचं. तिसरा तुकडा अम्मम्मा. सगळं मिळून पंधरा-सतरा मिनिटं. आवाज इतकाच की शेजारच्यानं हाक मारली तर ऐकू यावी. तिसऱ्या तुकड्यात तिनं फक्त ऐकायचं नव्हतं, "उय्यालो"ला मनातल्या मनात श्वास सोडायचा होता.

आणि त्यानंतर इअरफोन काढून दोन मिनिटं काहीच ऐकायचं नाही.

यावर कोच सर आणि ती, दोघांनीही नाकं मुरडली. गाण्यानं शांत झालीये तर लाइनवर जाईपर्यंत चालू ठेवू की! पण ही दोन मिनिटं मी कुणाच्या सांगण्यावरून सोडणार नव्हते. बर्नार्दी यांच्याच गटाचा २००६चा एक प्रयोग आहे. निरनिराळ्या सहा प्रकारचं संगीत ऐकवताना, त्यात भारतीय रागसंगीतही होतं, त्यांनी लोकांचा श्वास, रक्तदाब आणि हृदयगती मोजली. लय वाढली की श्वास आणि ठोके वाढतात, हे अपेक्षित होतंच. नवल पुढे होतं : मध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या विरामात हे सगळे आकडे संगीत सुरू व्हायच्या आधीपेक्षाही खाली गेले. म्हणजे संगीतानं आधी शरीराला आपल्यामागे चालवायचं आणि मग थांबायचं. खरा उतार थांबल्यावर येतो. शिवाय नियमही तेच सांगतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या नियमांनुसार मॅच चालू असताना आवाज अडवणारे कानबोळे चालतात, आवाज करणारं कुठलंही यंत्र चालत नाही. अॅथलेटिक्समध्येही स्पर्धेच्या जागेत मोबाइल-रेडिओला बंदी आहे. गाणं कधीतरी सुटणारच आहे. ते आपण सोडायचं की पंचांनी सोडायला लावायचं, एवढाच प्रश्न असतो.

महिनाभर ही यादी फक्त सरावाआधी. एरवी ऐकायला बंदी, विशेषतः अम्मम्माचा तुकडा बसमध्ये, जेवताना, अभ्यासाला नाही. सुरुवातीला आणि शेवटी ती मानेजवळ बोटं ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजायची, चारनं गुणायची आणि वहीत लिहायची. मनगटावरच्या घड्याळाचा हट्ट तिनं धरला नाही, मीही सुचवला नाही. सतत आकडा दिसला की काही मुलं आकड्यालाच घाबरायला लागतात. वहीतला उतार आधी किरकोळ होता, मग नियमित दिसायला लागला. कोच सर वही बघून काही बोलले नाहीत, पण सरावाच्या वेळी "गाणी झाली का?" हे स्वतःहून विचारायला लागले.

पहिली स्पर्धा : सगळं वेळेत, वेळच चुकली

स्पर्धा बाहेरगावी. आदल्या दिवशी प्रवास, रात्री झोप बरी, सकाळी नाश्ता नीट. तिची बॅच दुसरी होती. वेळापत्रकाप्रमाणे मागे मोजून तिनं यादी लावली, तीन तुकडे झाले, दोन मिनिटं झाली, ठोके छान उतरलेले. आणि आत पहिल्या बॅचची काही टार्गेट बिघडली. मॅच थांबली, दुरुस्ती, पुन्हा सुरू. तिची बॅच पाऊण तास लांबली. जॅकेट अंगावर, रायफल हातात, वऱ्हांड्यात उकाडा. तिनं यादी पुन्हा पहिल्यापासून लावली. पहिल्या तुकड्यानं तिला परत वर नेलं, दुसरा अर्धा होतोय तोच नाव पुकारलं. धावपळीत आत गेली. पहिली सिरीज जुन्या कागदांसारखीच.

कोच सर चिडले ते माझ्यावर. "मॅडम, तुमच्या गाण्याला टायमिंग कळत नाही." बोलणं टोचणारं होतं, पण मुद्दा अगदी बरोबर. आपल्याकडच्या स्पर्धा घड्याळावर चालत नाहीत. उद्घाटनाचे पाहुणे उशिरा येतात, मशिन बंद पडतं, पाऊस येतो. घड्याळाला बांधलेली कुठलीही तयारी पहिल्या झटक्यात मोडते. या विषयावरचं बहुतेक लेखन वेळापत्रक पाळणाऱ्या देशांत झालेलं आहे, आणि त्यात हा भाग येतच नाही.

तोडगा रेंजवरच सापडला. पात्रता फेरीत शेवटची दहा मिनिटं राहिली की रेंज अधिकारी मोठ्यानं "टेन मिनिट्स" पुकारतात, मग "फाइव्ह मिनिट्स". आधीच्या बॅचची ही पुकार कितीही उशिरा झाली तरी त्यानंतर पुढे काय किती वेळात होतं ते जवळपास ठरलेलं असतं : मॅच संपणार, लाइन रिकामी होणार, पुढच्यांना बोलावणार, मग तयारी आणि साइटिंगची (गुण न मोजता नेम जुळवून घेण्याची) पंधरा मिनिटं. म्हणून यादी घड्याळावरून सोडवून या पुकारीला बांधली. "टेन मिनिट्स" ऐकू आलं की पहिला तुकडा. त्याआधी कितीही थांबावं लागलं तरी गाणं नाही. मैत्रिणींशी गप्पा, सावलीत बसणं, पाणी, हवं तर मोबाइलवर लुडो. आणि यादी अर्धवट राहायची वेळ आलीच तर पहिले दोन तुकडे सोडून सरळ अम्मम्मावर जायचं, शेवटची दोन मिनिटं मात्र कुठल्याही परिस्थितीत ठेवायची.

दुसरी दुरुस्ती तिनं स्वतः केली, आणि मला विचाराल तर संपूर्ण प्रकरणात सगळ्यात मोलाची तीच. साइटिंगच्या पंधरा मिनिटांत, रायफल खांद्याला लावायच्या आधी, ती एक ओळ मनात म्हणते आणि "उय्यालो"वर श्वास सोडते. मग गाल दस्त्यावर टेकवते. कानात काही नाही, यंत्र नाही, नियमाची अडचण नाही. "आता मोबाइल नसला तरी चालतंय," असं तिनं सांगितलं तेव्हा इअरफोन हा नुसता टेकू होता हे माझ्याही नीट ध्यानात आलं.

काय बदललं, काय सांगता येत नाही

त्यानंतरच्या स्पर्धांत पहिली सिरीज सावरली. दर वेळी नाही. एकदा पुन्हा एक आठ आणि मागोमाग दोन नऊ मारले, पण सहाव्या गोळीपर्यंत सावरली, एरवी ती विसाव्यापर्यंत भरकटायची. पहिली आणि तिसरी सिरीज यांतलं अंतर आता इतकं कमी झालंय की कागद पाहून ओळखता येत नाही. एकूण गुण वाढले, पण राज्य स्पर्धेत पदक नाही. फायनलमध्ये एकदाच पोचली.

श्रेय सगळं गाण्याचं आहे असं मी म्हणणार नाही. याच काळात क्लबानं तिला नवं जॅकेट मिळवून दिलं. जुनं खांद्यात सैल होतं, आणि सैल जॅकेटमध्ये शरीराला नीट आधार मिळत नाही. ती स्पर्धाही जास्त खेळली, आणि नुसत्या सवयीनंही धडधड कमी होते. कोच सरांनी सकाळचा दुसरा चहा बंद केला, त्याचंही थोडं असेल. एका मुलीवरून नियम काढता येत नाही. तरी वहीतले यादीआधीचे आणि नंतरचे ठोके त्याच सकाळचे, त्याच जॅकेटमधले आहेत, आणि ते दर वेळी उतरलेले आहेत. एवढ्यावर मी ठाम आहे.

ही यादी मात्र कुणाच्या उपयोगाची नाही, आणि हे सांगायची वेळ लगेच आली. क्लबातल्या दुसऱ्या एका मुलानं अम्मम्माचं रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवर मागून घेतलं. त्याचं घर कन्नड बोलणारं, होटगी रोडच्या बाजूचं. त्याला ते ऐकून काही झालं नाही, होणारही नव्हतं. शिवाय त्याची अडचणच उलटी : तो स्पर्धेत सुस्तावतो, शेवटच्या दोन सिरीजला त्याचं लक्ष उडतं. त्याला उतरवायचं नाही, चढवायचं आहे. कदाचित त्याला भावाची ती डीजेची यादीच लागू पडेल. कोच सरांना हे पटलं, पण त्यांचा पुढचा प्रश्न होता, "मग दोघांना एका खोलीत बसवायचं कसं?" सध्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवतात.

आता काम चालू आहे ते फायनलचं. आमच्याकडे पात्रता फेरीत बहुतेक वेळा शांतता असते. फायनलमध्ये आयोजक स्वतःच मोठ्यानं संगीत लावतात, प्रेक्षक टाळ्या देतात, गोळ्यांच्या मधेमधे निवेदक बोलतो. ज्या फायनलमध्ये ती पोचली तिथे नेमकं तसलंच ढणढण संगीत होतं, ज्याच्यापासून तिला आम्ही सोडवलं होतं, आणि ती लवकर बाहेर पडली. म्हणून आठवड्यातून एकदा सरावाच्या वेळी कोच सर स्पीकर लावतात. यादीसाठी त्यांना फार शोधावं लागलं नाही, तिच्या भावाची जुनी यादी होतीच. त्या गोंगाटात ती आतल्या आत "उय्यालो" धरून ठेवू शकते का, हे बघायचं आहे. पहिल्या दोन वेळा सूर सुटला, त्यानंतर एकदा शेवटपर्यंत टिकला. पुढची निवड स्पर्धा पावसाळ्यानंतर आहे, तोवर दर शनिवारी स्पीकर लागणार.